आधी रंग, मग ट्रॅक्टर

बंद पडलेला ट्रॅक्टर चालू करायचा तर आधी त्याला रंग द्यावा, ही कल्पना जगात एकाच माणसाला सुचू शकते. दुर्दैव असं की ट्रॅक्टर नेमका त्याच माणसाच्या दारात येऊन उभा राहिला.

या माणसाला सगळे ड्रॉइंग सर म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा फोनवर ‘सर झोपलेत’ असंच सांगते. उभा जन्म शाळेत मुलांना चित्रकला शिकवण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर शिकवायला कोणी उरलं नाही म्हणून ते वस्तूंना वळण लावायला लागले. घरातला मिक्सर त्यांनी एकदा स्वतः दुरुस्त केला. तेव्हापासून तो बटण बंद केलं की फिरतो. चालू केलं की थांबतो, त्यामुळे तसं अडत काही नाही, असं सरांचं म्हणणं.

आता ट्रॅक्टर कुठून आला? सासऱ्यांचं शेत नव्या रस्त्यात गेलं. रस्ता झाला, शेत संपलं, आणि सासरे एक पिशवी आणि एक ट्रॅक्टर घेऊन लेकीकडे राहायला आले. पिशवी कपाटात मावली. ट्रॅक्टर सोसायटीत, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेत, मागच्या खोलीच्या खिडकीसमोर उभा राहिला. मालट्रकवरून उतरवतानाच तो बंद होता, आणि त्याच्या मालकाची गत त्याहून वेगळी नव्हती. सासरे सकाळी खिडकीत बसत ते दिवे लागेपर्यंत. विचारलं तर ‘हं’, आग्रह केला तर ‘नको’. ताटावर बसायचे आणि अर्ध्या जेवणावरून उठायचे. सरांची बायको मग भांडी घासायच्या निमित्ताने नळ मोठा सोडून रडून घ्यायची.

“अहो, मला बघवत नाही हो,” एके दिवशी ती म्हणाली. “जिवंत माणूस नुसता बसून राहिलाय. माझ्या मैत्रिणीची रोपवाटिका आहे ना, ती म्हणते, चालू ट्रॅक्टर घेऊन या, बाबांना माझी मागची जमीन नांगरू दे, रोज येऊ दे. पण बंद ट्रॅक्टर ठेवायला तिच्याकडे जागा नाही. आणि इकडे सेक्रेटरी म्हणतात, महिनाअखेर तो हलला नाही तर भंगारवाल्याला बोलावणार.”

“मी करतो चालू,” सर म्हणाले.

“तुम्ही?”

बस्स, एवढंच. पण त्या एका शब्दात मिक्सर होता, गळका नळ होता, उलटी बसवलेली कडी होती आणि अख्खा संसार होता. सर ताडकन उठले. खिडकीपाशी जाऊन, सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी जाहीर केलं, “मामा, महिनाअखेर तुमचा ट्रॅक्टर रस्त्यावर धावणार!”

सासऱ्यांनी मान वळवून जावयाकडे पाहिलं. “हं,” म्हणाले.

खरं सांगायचं तर सरांना मनातून एकच हवं होतं. लग्न झाल्यापासून या माणसाने त्यांना ‘जावईबापू, बसा’ यापलीकडे कधी काही म्हटलं नव्हतं. एखादं काम सांगितलं नाही, सल्ला मागितला नाही, साधं ‘ही पिशवी धरा’सुद्धा नाही. एकदा तरी सासऱ्यांनी आपल्याला माणसात धरावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

तर रंग. सरांचं तत्त्वज्ञान असं, की वस्तूला आधी आत्मसन्मान द्यावा, मग ती आपोआप काम करते. मुलांच्या बाबतीत हे कितपत खरं ठरलं ते त्यांच्या शाळेला विचारा. पण सरांनी पॉलिश पेपर आणला, डबे आणले, आणि मूळचा लाल रंग ‘फार आक्रमक’ वाटल्यामुळे स्वतः मिसळून एक हिरवा तयार केला. तो डब्यात शेवाळी दिसत होता, ट्रॅक्टरवर चढल्यावर पोपटी निघाला. सरांनी एक जागा सोडली नाही. बोनेट, मडगार्ड, चाकांचे नट, धुराड्याच्या तोंडावर पाणी जाऊ नये म्हणून उपडा घातलेला पत्र्याचा डबा, सगळं. डिझेलच्या टाकीचं झाकण तर त्यांनी विशेष मन लावून रंगवलं, कारण वरच्या गॅलऱ्यांतून पाहणाऱ्याची नजर पहिली तिथेच पडते. त्याला दोन हात पुरेसे वाटले नाहीत. तिसरा हात दिला, लांब उभं राहून डोळा बारीक करून पाहिलं आणि स्वतःशीच मान हलवली.

खिडकीत सासरे हे सगळं बघत होते. तिसऱ्या हाताच्या वेळी ते किंचित पुढे झुकले, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि परत मागे टेकून बसले. सरांना वाटलं, थक्क झाले.

सोसायटीने ट्रॅक्टरचं नाव पोपट ठेवलं. पोपट नेमका कोणाचा होणार आहे, हे मात्र कोणी तोंडावर बोललं नाही.

मग मेकॅनिक आला. त्याने आल्या आल्या रंगाला हात लावला आणि बोट हिरवं झाल्यावर सरांकडे असं पाहिलं, की सरांना आपण वर्गात उभे आहोत असं वाटलं. बॅटरी नवीन लागली. हवेच्या फिल्टरमधून उंदराचं एक नांदतं घर निघालं. मग त्याने टाकीचं झाकण उघडून आत डिझेल आहे का ते पाहिलं, झाकण घट्ट लावलं, पंपाची कुठलीशी बारीक खीळ सैल करून अंगठ्याने टक टक टक दाबत राहिला. “साहेब, डिझेलच्या नळीत एअर धरलीय. ही काढली की विषय संपला.”

आणि काय सांगू, ट्रॅक्टर सुरू झाला! असा दणका बसला की धुराड्यावरचा पत्र्याचा डबा उडाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटावर जाऊन पडला. रंग ओला होता. पण त्या क्षणी सरांना कोट दिसत नव्हता. ते खिडकीकडे बघत होते. सासरे उभे राहिले होते! पहिल्यांदा, खुर्चीतून, आपणहून!

मेकॅनिक पैसे घेऊन कोपऱ्यावर वळला न वळला तोच इंजिन कण्हलं, दोनदा उचकी दिल्यासारखं झालं आणि बंद पडलं. सासरे बसले.

इथून सरांच्या हलाखीचे दिवस सुरू झाले.

सर्वांत आधी डॉक्टर खाली आले. आले ते कोट दाखवायला, पण रोगी समोर दिसल्यावर त्यांचा राग निवळला. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. “बंद पडताना एकदम पडतो, की कण्हत कण्हत?”

“कण्हत,” सर म्हणाले.

“थंडीत त्रास वाढतो?”

“डॉक्टर, हा ट्रॅक्टर आहे.”

“म्हणूनच विचारतोय. माणूस असता तर त्याने स्वतः सांगितलं असतं. याआधी मोठा धक्का काही? जागाबदल? घर सुटलं वगैरे?”

सरांनी खिडकीकडे पाहिलं. “शेत गेलं,” ते म्हणाले.

“हां!” डॉक्टरांनी टाकीचं झाकण उघडलं, आत वाकून वास घेतला, जीभ बघितल्यासारखं डिझेल बघितलं आणि झाकण लावलं. “याला विश्रांती द्या. संध्याकाळपर्यंत हात लावू नका.”

संध्याकाळी सरांनी मेकॅनिकचं पाहून पाहून अंगठ्याने टक टक केलं, किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर सुरू झाला. डॉक्टरांनी गॅलरीतून हात जोडून सगळ्या सोसायटीचा नमस्कार स्वीकारला. नमस्कार स्वीकारून ते आत गेले आणि ट्रॅक्टर बंद पडला.

मग सेक्रेटरी आले. सेक्रेटरी म्हणजे बोलताना ‘नियमानुसार’ हा शब्द श्वासासारखा घेणारे गृहस्थ. ते म्हणाले, “सर, जुनं इंजिन अर्ध्या टाकीवर ओढत नाही. काठोकाठ भरा.” त्यांनी स्वतः उभं राहून झाकण उघडायला लावलं, कॅन ओतून घेतला, झाकण घट्ट लावून घेतलं, आणि काय आश्चर्य, ट्रॅक्टर सुरू! “अनुभव असतो सर,” ते म्हणाले. यावेळी तो आधीपेक्षाही लवकर बंद पडला, पण तोवर सेक्रेटरी जिना चढून गेले होते, त्यामुळे त्यांचा अनुभव शाबूत राहिला.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की इथे जो येईल त्याचं बरोबर येत होतं. दूधवाल्याने लाथ घालायला सांगितली, लाथ लागू पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, गरम पाण्याने पंप शेका, तर शेकल्यावर सुरू झाला. सगळे बरोबर, सगळे जाणकार, आणि चूक एकटे सर. प्रत्येक जण येणार, तोंड उघडण्याआधी टाकीचं झाकण उघडणार, “डिझेल तर आहे!” असं जगाला सांगणार, मग आपला इलाज करणार. इलाज लागू पडणार. आणि तो माणूस पाठमोरा झाला की सरांच्या नशिबी पुन्हा ती उचकी. अशाने माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो हो. सरांना वाटायला लागलं, ट्रॅक्टरला बाकी काही झालेलं नाही, त्याला फक्त सर आवडत नाहीत.

त्यात सासऱ्यांना खोकला लागला. सर ट्रॅक्टरखाली उताणे पडले, तोंडावर तेल गळलं, की खिडकीतून खोकल्याची उबळ ऐकू यायची. दूधवाल्याची लाथ चुकून सरांच्या नडगीवर बसली, त्या दिवशी तर इतका खोकला आला की सासऱ्यांना पाणी द्यावं लागलं. सरांनी काळजीने डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. “मामांना ट्रॅक्टरचा धूर बाधतोय,” ते बायकोला म्हणाले.

बायको त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. “बाधत नसेल,” एवढंच म्हणाली. “आज सगळं ताट संपवलं त्यांनी. वर विचारत होते, डॉक्टर आज खाली येणार का म्हणून.”

पण सरांचं लक्ष कुठे होतं! त्यांच्या डोक्यावर आता सरकारी कचेरी बसली होती. ट्रॅक्टर रस्त्यावर न्यायचा तर परवाना हवा, आणि जुन्याची मुदत कधीच संपून गेली होती.

“गाडी इथे आणून दाखवा. चालू स्थितीत,” खिडकीमागचा कारकून म्हणाला.

“पण परवान्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही ना?”

“बरोबर.”

“मग आणू कशी?”

“तो विषय या खिडकीचा नाही.”

“कुठल्या खिडकीचा आहे?”

कारकुनाने पेनाने शेजारची खिडकी दाखवली. ती बंद होती. तिच्यापुढे एक म्हातारा डबा सोडून जेवत बसला होता. त्याचा चेहरा बघून सरांनी पुढचं काही विचारलं नाही.

शेवटी सरांचा एक जुना विद्यार्थी तिथल्या तपासनीस साहेबांच्या हाताखाली निघाला. त्याच्या शब्दाखातर साहेब स्वतः मोटार घेऊन सोसायटीत यायला तयार झाले. त्या दिवशी सरांनी सकाळी उठून ट्रॅक्टर पुसला. साहेब आले, त्यांची मोटार आत लागली. साहेबांनी टाकीचं झाकण उघडलं, “डिझेल आहे,” म्हणाले, झाकण लावलं. ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. सरांना रडू यायचं बाकी राहिलं. ब्रेक बघितले, दिवे बघितले, साहेबांनी सही केली आणि म्हणाले, “जरा गेटपर्यंत नेऊन दाखवा.”

सरांनी नेला. अगदी झोकात नेला. आणि गेटच्या बरोबर मध्ये, दोन्ही खांबांच्या मधोमध, कुठल्याही बाजूने बकरीसुद्धा जाणार नाही अशा बेताने, पोपटाने मान टाकली.

पुढचं सांगायलाही जड जातं. साहेबांची मोटार आत. दूधवाला बाहेर. शाळेची बस बाहेर भोंगा वाजवतेय. डॉक्टर म्हणताहेत, विश्रांती द्या. सेक्रेटरी म्हणताहेत, नियमानुसार गेट मोकळं हवं. काकू गरम पाण्याचं पातेलं घेऊन जिना उतरताहेत. आणि या सगळ्यांच्या मधोमध, उंच लोखंडी सीटवर, सगळ्यांना नीट दिसतील असे आमचे ड्रॉइंग सर, हातात स्टिअरिंग धरून. त्यांना वाटलं, आता जमिनीने दुभंगायला हरकत नाही. जमिनीने मनावर घेतलं नाही. साहेबांना शेवटी कुंपणावरून उतरवून रिक्षात बसवलं, तेव्हा त्यांची विजार गुडघ्याशी फाटली. मागच्या खिडकीतून खोकल्याचा असा कल्लोळ उठला की सरांची बायको आत धावली.

“मला नाही वाटत मी हे करू शकेन,” त्या दिवशी सर ताटावर बसून म्हणाले. अर्ध्या जेवणावरून ते उठले. सासऱ्यांनी मात्र भात पुन्हा मागून घेतला.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. दुपारपर्यंत भंगारवाला येणार होता. सकाळी सरांची बायको म्हणाली, “आजचा दिवस आहे. न्यायचाच. बाबा चालवतील, तुम्ही शेजारी बसा, मी स्कूटरवरून मागे येते.” सेक्रेटरींनी शेवटचं म्हणून टाकीचं झाकण उघडून डिझेल पाहून घेतलं. सासरे पांढरे स्वच्छ कपडे घालून खाली आले. सीटवर चढताना त्यांनी कोणाचा हात धरला नाही. स्टिअरिंगवर तळवे ठेवले, आणि सरांना जाणवलं की या माणसाचे हात आत्ता कुठे हात झालेत. काही झालं तरी आज हा ट्रॅक्टर पोचला पाहिजे, असं त्यांना इतकं आतून वाटलं की मडगार्डवर बसल्या बसल्या त्यांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले ते उचकी ऐकून. ट्रॅक्टर शहरातल्या सर्वांत मोठ्या चौकात, सिग्नलच्या मधोमध उभा होता.

चारी बाजूंनी भोंगे सुरू झाले. पोलीस शिट्टी वाजवत आला आणि “हे काय हिरवं उभं केलंय?” म्हणून ओरडायला लागला. सरांनी खाली उडी मारून पंप टक टक केला. काही नाही. लाथ मारली. काही नाही. तेवढ्यात मागे एक मोठा मालट्रक येऊन थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “तुमच्याच सोसायटीत निघालो होतो! हाच ना तो पोपट? मग इथूनच उचलतो की. फेरी वाचली.”

एवढ्यावर सर खचले. रस्त्याच्या दुभाजकावर, सगळ्या जगासमोर, मटकन बसले. हाताला तेल होतं तरी त्याच हातांनी तोंड झाकलं. “मामा, मला नाही जमलं,” ते म्हणाले. “मी पुष्कळ केलं हो. माझ्याच्यानं होत नाही. मला माफ करा.”

सासरे सावकाश सीटवरून उतरले. जावयाकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या लेकीला म्हणाले, “बाळे, सेफ्टी पिन आहे का गं?”

तिने पदराची काढून दिली. सासऱ्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स आवाज झाला, टाकीने कितीतरी वेळ अडलेला श्वास घेतल्यासारखा. झाकण उलटं करून त्यांनी आतल्या बाजूने पिन टोचली, दोनदा फिरवली, आणि बाहेरच्या बाजूने रंगाची एक टिकली सुटून खाली पडली. पोपटी. झाकणावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक उघडं झालं. सासऱ्यांनी त्यात फुंकर मारली, झाकण लावलं, अंगठ्याने टक टक केलं आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टर सुरू झाला. भंगारवाल्याने हळहळत डोकं आत घेतलं.

“टाकीत हवा जायला नको का?” इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सासरे म्हणाले. “हवा आत गेली नाही तर डिझेल खाली कसं उतरणार? भोक बुजलं होतं.”

सरांनी रस्त्यावर पडलेली ती टिकली उचलली. आपला रंग ओळखला. “मामा,” त्यांचा आवाज फाटला, “हे तुम्हाला केव्हा कळलं?”

सासऱ्यांनी लबाडी केली असती तर बरं झालं असतं. पण माणूस सरळ. “तुम्ही तिसरा हात दिलात ना, तेव्हाच.”

आता तुम्ही सांगा, माणसाने करावं काय? इतके दिवस! तेल, लाथ, नडगी, कचेरी, कुंपणावरून उतरवलेले साहेब! ती टिकली खिशात टाकून सर फुटपाथने चालत घरी निघून आले. मागून सासऱ्यांनी “जावईबापू” म्हणून एकदा हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही, म्हणजे ऐकली आणि वळले नाहीत.

ट्रॅक्टर रोपवाटिकेत पोचला. सासरे रोज सकाळी तिकडे जायला लागले, जमीन नांगरून झाली, मालकीणबाई खूश. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं आणि घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सर संध्याकाळी तोंडासमोर पेपर धरून बसत. सासरे परत आले की दारात थोडे रेंगाळत, पेपर खाली येत नाही असं पाहून मागच्या खोलीत जात आणि रिकाम्या जागेकडे बघत बसत. खोकला पार थांबला. ताटात पुन्हा अर्धं अन्न राहायला लागलं.

“माझी थट्टा केली त्यांनी,” सर बायकोला म्हणाले. “भर चौकात माझी लाज गेली.”

“गेली,” ती म्हणाली. “पण अहो, आई गेल्यापासून मी बाबांना हसताना पाहिलं नव्हतं. तो खोकला नव्हता हो. संध्याकाळी मला सगळं करून दाखवायचे. डॉक्टर कसे वाकले, तुम्ही ट्रॅक्टरखालून कसे बाहेर आलात. सांगितलं असतं तर तो पहिल्याच दिवशी सुरू झाला असता. मग तुम्ही कशाला रोज त्यांच्या खिडकीसमोर आला असता?”

सरांनी पेपर वर केला. पण तो उलटा होता, आणि ते तिच्याही लक्षात आलं.

त्यानंतर काही दिवसांनी सर एका चित्रकला स्पर्धेचे परीक्षक म्हणून निघाले होते. नवा कोरा पांढरा शर्ट घातला होता. इतक्यात रोपवाटिकेच्या मालकीणबाईंचा फोन आला. “सर, ट्रॅक्टर बंद पडलाय. मी मेकॅनिक बोलावते म्हटलं, तर आजोबा कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, आमच्या जावईबापूंना बोलवा. त्यांच्याशिवाय कोणाला जमायचं नाही.”

“असं म्हणाले?” सरांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, “नक्की असंच म्हणाले?”

सर रोपवाटिकेत पोचले तेव्हा ट्रॅक्टर रोपांच्या दोन वाफ्यांमध्ये उभा होता. सासरे थोड्या अंतरावर उपड्या खोक्यावर बसले होते. शेजारी आणखी एक खोकं कोणासाठी तरी मांडून ठेवलं होतं, त्यावर चहाचे दोन कप झाकून ठेवले होते. सासरे आभाळाकडे बघत होते, जणू तिथे काहीतरी चाललंय.

सरांनी सरळ टाकीच्या झाकणाला हात घातला. फुस्स. झाकण डोळ्यांजवळ धरलं. त्या बारक्या भोकात काडेपेटीतल्या काडीचा तासून बारीक केलेला तुकडा नीट दाबून बसवला होता. वर टोक दिसू नये म्हणून रंगाला समपातळीत कापला होता. काम फार सुबक होतं. एक चित्रकार म्हणून सरांना ते मान्य करावंच लागलं.

त्यांनी वळून पाहिलं. सासरे अजून आभाळातच होते, पण कान इकडे होते, आणि खोक्याची कड त्यांनी घट्ट पकडली होती. त्यांना भीती वाटत होती. हे सरांना दिसलं.

सरांनी नखाने तो तुकडा काढला आणि हळूच खिशात टाकला. झाकण लावलं.

“मामा,” ते मोठ्याने म्हणाले, “काही कळत नाही बुवा! काय झालं असेल हो?”

“मला काय कळतंय त्यातलं?” सासरे म्हणाले. “तुम्हीच बघा, जावईबापू. जरा खालून बघा.”

“खालूनच बघायला पाहिजे,” सर म्हणाले. “तो पाना द्या इकडे.”

सासरे लगबगीने उठले आणि त्यांनी पाना आणून जावयाच्या हातात दिला. नव्या पांढऱ्या शर्टासकट सर ट्रॅक्टरखाली चिखलात शिरले, उताणे झाले, आणि जिथून तेल गळतं हे त्यांना चांगलं माहीत होतं, बरोबर त्या जागेखाली त्यांनी आपलं तोंड आणलं. पहिला थेंब नाकावर पडला. सर निमूट पडून राहिले आणि खोकल्याची वाट बघू लागले.

तो आला.